वेगळी लेकरं, आपलीच लेकरं



गेल्या काही महिन्यांत आपण या कार्यक्रमात रक्तक्षय, पाळी, गर्भाशयाचे आजार, मुलींच्या लग्नाचं वय अशा विषयांवर बोललो. त्यानंतर गटांकडून प्रश्न आले. त्यातले चार प्रश्न असे होते की विचारणाऱ्या बाईने आधी आजूबाजूला बघितलं, पदर तोंडावर घेतला आणि मग हळू आवाजात विचारलं. आज त्याच चार प्रश्नांवर बोलायचं आहे. कोणत्या गटातून कोणता प्रश्न आला हे आम्ही सांगणार नाही. प्रश्न असे आहेत.

पहिला : आमच्या गावात एक तृतीयपंथी राहते. तिला बचत गटात घेता येईल का?

दुसरा : बहिणीचा मुलगा मुलींसारखा वागतो. घरचे त्याला भगताकडे नेतात, मारतात. हा आजार आहे का?

तिसरा : मुलगी लग्नाला उभीच राहत नाही. मैत्रिणीसोबतच आयुष्य काढायचं म्हणते. आईबापाने काय करायचं?

चौथा : लग्नानंतर कळलं की नवऱ्याला बाईची ओढच नाही, त्याला पुरुष आवडतात. त्या बाईने काय करायचं?

चारही प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण त्यांचं मूळ जवळजवळ आहे. म्हणून आधी शब्द समजून घेऊ. गावात या माणसांसाठी जे शब्द वापरतात त्यातले बहुतेक शिव्याच आहेत. शिवीने माणूस कळत नाही.

शरीर, मन आणि ओढ

बाळ जन्मलं की सुईण किंवा नर्स शरीर बघून सांगते, मुलगा झाला किंवा मुलगी झाली. ही झाली शरीराची गोष्ट. ते बाळ मोठं होतं, बोलायला लागतं, तेव्हा त्याला आतून वाटतं की मी मुलगा आहे किंवा मी मुलगी आहे. ही मनाची गोष्ट. आणि वयात आल्यावर कुणाविषयी प्रेम वाटतं, कुणाची ओढ वाटते, ही तिसरी गोष्ट. बहुतेकांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी जगाच्या अपेक्षेप्रमाणे जुळतात, म्हणून त्या तीन वेगळ्या आहेत हे आपल्या कधी ध्यानातच येत नाही.

काहींचं तसं नसतं. शरीर मुलाचं, पण मन मुलीचं. किंवा शरीर मुलीचं आणि मन मुलाचं. अशा माणसांना पारलिंगी म्हणतात. आपण तृतीयपंथी म्हणतो ती माणसं बहुतेक यातलीच. आपल्या मराठीत तर ही गोष्ट तोंडातून निघणाऱ्या पहिल्याच वाक्यात उघडी पडते. इंग्रजीत मुलगा आणि मुलगी सारखंच बोलतात. आपल्याकडे मुलगा म्हणतो ‘मी येतो’, मुलगी म्हणते ‘मी येते’. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या तोंडून चारचौघांत ‘मी येते’ निघालं की हसू उठतं, घरी गेल्यावर मार बसतो. ते लेकरू मग बोलणंच कमी करतं. गप्प बसतं, एकटं राहतं.

काहींचं शरीर आणि मन जुळलेलं असतं, पण ओढ वेगळी असते. पुरुषाला पुरुषाची किंवा बाईला बाईची ओढ वाटते. त्यांना समलिंगी म्हणतात. काहींना दोघांचीही ओढ वाटते, त्यांना उभयलिंगी म्हणतात. समलिंगी पुरुष हा पुरुषच असतो. तो शर्ट-पँट घालतो, शेतात राबतो, बसमध्ये आपल्या शेजारी बसतो. त्याला बघून काही कळत नाही. बाईचंही तसंच.

आणि काही बाळं अशी जन्मतात की त्यांच्या शरीरावरून मुलगा की मुलगी हे लगेच सांगता येत नाही. त्यांना आंतरलिंगी म्हणतात. असं बाळ झालं तर घाबरून बाळंतिणीला दोष देऊ नका, ग्रहणाचा किंवा खाण्यापिण्याचा संबंध लावू नका. बाळाला जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण काही बाळांना क्षाराच्या कमतरतेमुळे जिवाचा धोका असतो आणि त्यावर औषध आहे. पण ‘बाळाचं अंग सरळ दिसावं’ एवढ्यासाठी शस्त्रक्रियेची घाई करू नका. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका निकालात अशा घाईच्या शस्त्रक्रियांविरुद्ध निर्देश दिले, आणि त्यानंतर तमिळनाडू सरकारने जीव वाचवण्याची वेळ सोडून लहान बाळांवर त्या करायला मनाई केली.

हे काही नवीन नाही

‘हे सगळं मोबाइलमुळे आलं’ असं काही जणी म्हणतात. पण महाभारतात शिखंडी आहे, बृहन्नडा आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेले जोगते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परडी घेऊन फिरतात. ‘जोगवा’ हा २००९ चा मराठी चित्रपट त्यांच्याच जगण्यावर आहे.

गुन्ह्याचा शिक्का मात्र इंग्रजांच्या कायद्याने मारला. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ आलं. त्याने समलिंगी संबंध हा गुन्हा ठरवला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात भटक्या जमातींसोबत हिजड्यांचीही नोंद ठेवायला सुरुवात झाली. ज्या कायद्याने आपल्या पारधी बांधवांच्या कपाळी चोराचा शिक्का लावला, त्याच कायद्यात तृतीयपंथीही होते.

तो शिक्का पुसायला फार काळ लागला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तृतीयपंथी हे या देशाचे पूर्ण नागरिक आहेत आणि आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे सांगण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेला समलिंगी संबंध गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर कलम ३७७ सारखं कलमच राहिलेलं नाही. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने ती दिली नाही. म्हणजे सोबत राहणं गुन्हा नाही, पण लग्नाची नोंद होत नाही, अशी आजची स्थिती आहे.

हा आजार आहे का?

आता दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण त्यात एका लेकराला मार बसतो आहे.

हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा मानसिक आजार नाही. डावखुऱ्या मुलाच्या हातावर पट्टी मारून त्याला उजव्या हाताने लिहायला लावायचे, ते आठवतं ना? हात तर बदलत नसे, पोर तेवढं शाळेला घाबरायचं. इथेही तसंच होतं, फक्त नुकसान कितीतरी मोठं असतं.

जे आजार नाही त्यावर औषधही नाही. तरी ‘बरा करून देतो’ म्हणणारे भेटतात. कुणी इंजेक्शन देतो, कुणी विजेचे झटके देतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे की अशी ‘बदलण्याची’ उपचारपद्धती करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे. म्हणजे त्या डॉक्टरविरुद्ध तक्रार करता येते. आणि भगत, देवऋषी ‘अंगात बाई शिरली’ म्हणून लेकराला मारत असेल, धुरी देत असेल, साखळीने बांधत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. मूल अठराच्या आतलं असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा, तो फुकट आहे.

असं मूल आजारी नसतं, पण आपल्या वागण्याने आजारी पडतं. रोज चिडवणं, रोज मार, घरात कुणी जवळ घेत नाही, शाळेच्या मुतारीत जायची भीती. त्यातून झोप उडते, जेवण जात नाही, अभ्यास सुटतो, जीव द्यावासा वाटतो. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ माणसांची नोंद झाली, त्यात महाराष्ट्रातली ४०,८९१. त्यांच्यातलं साक्षरतेचं प्रमाण शंभरात सुमारे ५६ होतं. त्याच वेळी सगळ्या देशाचं प्रमाण शंभरात ७४ होतं. ही पोरं बुद्धीने कमी होती का? नाही. शाळेत टिकू दिली नाहीत. या आकड्यात समलिंगी माणसं तर धरलेलीच नाहीत, आणि लाजेने ज्यांनी रकाना भरला नाही तीही नाहीत.

तुमच्या घरातलं, भावकीतलं असं लेकरू गप्प गप्प असेल, मरणाचं बोलत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावून द्या. मनाच्या त्रासावर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की लैंगिक ओढीवरून कुणालाही मानसिक उपचार नाकारता येणार नाहीत किंवा भेदभाव करता येणार नाही.

बहिणीला एवढंच सांगा : पोराला जेवायला वाढताना जवळ बस, ‘शाळेत कोण काय बोललं?’ विचार. वर्गशिक्षकांना भेट. भगताला द्यायचे पैसे वाचतील आणि लेकरू हाताशी राहील.

मुलगी लग्नाला नाही म्हणते

तिसरा प्रश्न. मुलगी लग्नाला नाही म्हणते त्याची कारणं अनेक असतात. कुणाला शिकायचं असतं, कुणाला भीती वाटते. प्रत्येक नकाराचा एकच अर्थ काढू नका. पण एखादी मुलगी धीर करून सांगते की मला माझ्या मैत्रिणीसोबत राहायचं आहे, तेव्हा घरात आकाश कोसळतं. मोबाइल काढून घेतात, कोंडतात, आठ दिवसांत स्थळ बघून हळद लावतात. अशी लग्नं झालेल्या मुलींचं पुढे काय होतं, हे आपण बायकांनी एकमेकींना सांगायची गरज नाही. नको असलेल्या माणसासोबत रोजची रात्र काढणं म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे.

तमिळनाडूत एक प्रकरण झालं ते सांगण्यासारखं आहे. मदुराईच्या दोन तरुण मुली घर सोडून चेन्नईला आल्या. दोघी सज्ञान. आईबापांनी बेपत्ता असल्याची तक्रार दिली, पोलीस मागे लागले, मुलींनी मद्रास उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांच्यासमोर प्रकरण आलं. त्यांनी मुलींना आणि त्यांच्या आईबापांना समुपदेशकाकडे पाठवलं. आणि मग हा विषय आपल्यालाही नीट कळलेला नाही असं सांगून ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, विषय समजून घेतला आणि ७ जून २०२१ रोजी आदेश दिला. मुली सज्ञान आहेत, आपल्या मर्जीने सोबत आहेत असं दिसलं तर पोलिसांनी बेपत्ता असल्याची तक्रार बंद करावी, त्रास देऊ नये, असं त्यांनी सांगितलं. पोलीस, डॉक्टर, शिक्षक, तुरुंगातले कर्मचारी, पालक या सगळ्यांना या विषयाचं प्रशिक्षण द्यावं असंही सांगितलं.

संवेदनशीलता प्रशिक्षण हा जड शब्द आपण सरकारी कागदात वाचतो. त्याचा अर्थ एवढाच, की जो माणूस आपल्यासारखा नाही त्याच्याबद्दल निवाडा करण्याआधी जाणत्याकडे बसून शिकून घ्यायचं. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना त्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

सर्वोच्च न्यायालयानेही ११ मार्च २०२४ रोजी सगळ्या देशातल्या न्यायालयांना सूचना दिल्या की अशा प्रकरणात समुपदेशनाच्या नावाखाली मुलीचं मन बदलायचा प्रयत्न करू नये. तिचं म्हणणं खासगीत, दबावाशिवाय ऐकावं.

आईबापांचं दुःख आम्हाला कळतं. गावकी आहे, भावकी आहे, धाकट्या बहिणींची लग्नं आहेत. लगेच सगळं पचनी पडेल असं कुणी म्हणत नाही. पण दोन गोष्टी आजच करता येतात. एक, कोंडू नका आणि मारू नका. घरात मार खाणाऱ्या मुलीलाही कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चं संरक्षण आहे, तो फक्त सुनांसाठी नाही. दुसरी, लग्नाची घाई करू नका. वेळ घ्या. अशा मुलामुलींच्या पालकांनीच एकमेकांना आधार देण्यासाठी ‘स्वीकार’ नावाचा गट काढला आहे. त्यातल्या आईबापांनाही सुरुवातीला असंच वाटलं होतं.

चौथा प्रश्न : त्या बाईचं काय?

या विषयावर बोलताना ही बाई नेहमी मागे राहते, म्हणून तिच्यावर थोडं जास्त बोलू. पोरगा नाही म्हणत होता, घरच्यांनी ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणून बोहल्यावर उभा केला. सहा महिने, वर्ष झालं, नवरा जवळ येत नाही. सासू विचारते पाळणा कधी हलणार. दोष सुनेला लागतो. तिला दवाखान्यात, मग देवाला नेतात. शेवटी एक दिवस तिला खरं कळतं.

ताई, यात तुझा काहीच दोष नाही. तुझ्यात काही कमी आहे म्हणून हे झालं नाही. त्या पुरुषाचा दोषही बघायचा तर त्याची ओढ हा दोष नाही. खरं लपवून, किंवा दबावाला बळी पडून, दुसऱ्याच्या मुलीचं आयुष्य त्यात ओढलं हा अन्याय आहे, आणि तो बहुतेक वेळा दोन्ही घरच्यांनी मिळून केलेला असतो. तुला वेगळं व्हायचं असेल तर तो हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे बाईला वकील फुकट मिळतो. १८१ या महिला हेल्पलाइनवरही विचारता येतं.

आणि तब्येतीकडे लक्ष दे. नवरा-बायकोपैकी कुणाचेही बाहेर संबंध असतील, मग ते बाईशी असोत की पुरुषाशी, तर दोघांनीही एचआयव्हीची आणि गुप्तरोगाची तपासणी करून घ्यावी. ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात ती फुकट होते. नाव बाहेर सांगत नाहीत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तसं बंधनच घातलं आहे. माहितीसाठी १०९७ हा नंबर आहे.

म्हणून आम्ही सांगतो, मुलगा मनापासून नाही म्हणत असेल तर त्याचं लग्न लावू नका. एका लग्नात दोघांची माती होते. त्यातली एक कुणाची तरी लेक असते.

दवाखान्याची पायरी

तृतीयपंथी बाई दवाखान्यात गेली की केसपेपरवरच अडते. नाव एक, दिसणं दुसरं. पुरुषांच्या रांगेत उभं राहिलं तर छेड काढतात, बायकांच्या रांगेत बायका सरकतात. तापासाठी आलेल्या माणसाला लोक कपडे वर करून दाखव म्हणतात. मग ती येतच नाही. अंगावर काढते. टीबी असो, मधुमेह असो, शेवटच्या टप्प्यावर कळतो. काही जणी शरीर बदलायच्या ओढीने दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाने खातात, काही भोंदू डॉक्टरकडून चोरून शस्त्रक्रिया करतात. त्यात जीव जातात.

इथे आपल्या आशाताई, नर्सताई आणि गटातल्या बायका खूप काही करू शकतात. तिला विचारायचं, ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ ती सांगेल त्या नावाने आणि त्याच रीतीने बोलायचं. ‘आलात का ताई’ म्हटलं की निम्मं काम होतं. तक्रार जेवढी असेल तेवढंच विचारायचं. आणि तिची गोष्ट चावडीवर सांगायची नाही.

कागदपत्रं

तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९ मध्ये झाला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकारी ओळखपत्र आणि प्रमाणपत्र देतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येईल आणि त्यासाठी शरीर तपासणीची अट असणार नाही, असे २०२० चे नियम होते. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात आज काय लागतं ते विचारून घ्या. तृतीयपंथीयाला घरातून, गावातून हाकललं, सार्वजनिक जागेवर येऊ दिलं नाही, मारहाण केली, तर सहा महिने ते दोन वर्षे शिक्षेची तरतूद २०१९ च्या कायद्यात केली. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळही नेमलं.

बँकेचं काम करणाऱ्या बँक सख्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे की समलिंगी किंवा तृतीयपंथी व्यक्तींना जोडीदारासोबत संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी म्हणून नेमायला कोणतीही आडकाठी नाही. सोबत राहणाऱ्या अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकच कुटुंब धरावं असंही केंद्राने राज्यांना कळवलं आहे.

गटात घेता येईल का?

आता पहिला प्रश्न. उत्तर : घेता येईल, आणि घ्यावं.

राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे आपल्या उमेदमध्ये, गट बायकांचेच असतात. पण अपंग, वृद्ध आणि तृतीयपंथी यांच्या विशेष गटांना तिथे मुभा आहे, त्यात स्त्री-पुरुष दोन्ही असू शकतात. अशा गटाला कमी सदस्यांचीही सवलत मिळते का, हे सीआरपी ताईंना विचारा. आणि जी स्वतःला बाई मानते, बाई म्हणून राहते, ती आपल्या गटात बसली तर काय बिघडतं? बचत तीच, हप्ता तोच, व्याज तेच.

निवडणुकीतही हा प्रश्न आला होता. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावात अंजली पाटील या तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतीला बायकांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. तो बाद झाला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना बायकांच्या जागेवर उभं राहायला परवानगी दिली, आणि त्या निवडून आल्या. त्याआधी २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात तरंगफळ गावाने ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केलं. आपल्या खेड्यांनी हे करून दाखवलं आहे.

पण नुसतं काम देऊन भागत नाही. केरळात कुटुंबश्री नावाचं बायकांच्या बचत गटांचं मोठं जाळं आहे. २०१७ मध्ये कोची मेट्रो रेल्वे सुरू झाली तेव्हा कुटुंबश्रीमार्फत तृतीयपंथी व्यक्तींना तिथे कामावर घेतलं. सगळीकडे कौतुक झालं. पण त्यातल्या काही जणींनी थोड्याच दिवसांत काम सोडलं. पगार होता, पण तृतीयपंथीयाला भाड्याने खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. रोजच्या लॉजच्या भाड्यात पगार जायचा. सरकारने नोकरी दिली, शेजारणीने दार लावलं. दार उघडायचं काम सरकारी आदेशाने होत नाही, ते शेजारणीलाच करावं लागतं.

गटाने करायची कामं

येत्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने पाच गोष्टी कराव्यात असं आम्ही सुचवतो.

१. हा विषय अर्धा तास चर्चेला घ्या आणि इतिवृत्तात लिहा. लिहिलं की ठरतं.

२. गटात एक नियम करा : छक्का, बायल्या असे शब्द कुणी वापरायचे नाहीत, आपल्या पोरांनाही वापरू द्यायचे नाहीत.

३. ग्रामसंघातून प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र द्या, की तृतीयपंथी रुग्णांना मानाने वागवावं आणि कर्मचाऱ्यांना या विषयाची माहिती द्यावी. सहीला पाच-सहा गटांचे अध्यक्ष-सचिव असले की पत्राला वजन येतं.

४. ज्या तृतीयपंथी ताईला ओळखपत्र, आधार, रेशनकार्ड काढायचं आहे, तिच्यासोबत एक जण कचेरीत जा. एकटीला चार फेऱ्या मारायला लावतात, दोघी गेल्या की काम लवकर होतं.

५. एखाद्या आईने घरातली गोष्ट विश्वासाने सांगितली तर ती गटाबाहेर जाऊ देऊ नका. पोराचं किंवा पोरीचं नाव फुटलं तर त्या लेकराचा जीव जाऊ शकतो. ही पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

काही जणी म्हणतील, ‘आमच्या गावात असं कुणीच नाही.’ मैत्रिणींनो, एकेकाळी आपल्या गावात नवऱ्याचा मार खाणारी बाईसुद्धा ‘कुणीच नव्हती’. गट झाले, एकीने तोंड उघडलं, मग दुसरीने उघडलं. तोवर प्रत्येक जण घरात कडी लावून गप्प होती. तसंच हेही आहे. ऐकून घेणारं कुणी आहे हे कळेपर्यंत ती लेकरं बोलणार नाहीत.

तेव्हा ज्या गटात ही चर्चा होईल त्यांनी प्रश्न लिहून आमच्याकडे पाठवा. नाव लिहू नका, फक्त प्रश्न लिहा. पुढच्या भागात आरोग्य केंद्राला द्यायच्या पत्राचा नमुना वाचून दाखवू, वही-पेन जवळ ठेवा.